दादाचं मशीन पुसलं तेव्हा

दादा गेल्यावरही त्याच्या खोलीतलं मशीन त्याच्या आवाजात बोलत राहिलं. असं सांगितलं की ऐकणारा आधी माझ्याकडे बघतो आणि मग विषय बदलतो. म्हणून ते का बोलायचं, ते आधी सांगते.

आम्ही अकोल्याचे. वडील लवकर गेले. आई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती आणि तिच्या एकटीच्या पगारावर आम्ही दोघं भावंडं इंजिनिअर झालो. दादा माझ्याआधी पुण्याला आला. हिंजवडीच्या माळावर तेव्हा काचेच्या इमारती नुकत्या उठत होत्या आणि गळ्यात ओळखपत्र अडकवून कंपनीच्या बसची वाट बघत उभं राहण्यात एक ऐट होती. सुरुवातीला तो सदाशिव पेठेत एका खोलीत राहायचा. घरमालकांनी आडनाव विचारलं, गाव विचारलं आणि मग ऐकू न आल्यासारखं पुन्हा आडनाव विचारलं, हे तो आम्हाला हसत हसत सांगायचा. मला नोकरी लागली तसा त्याने बिबवेवाडीत, मार्केट यार्डाच्या मागच्या अंगाला फ्लॅट घेतला आणि मला हॉस्टेलवरून तिथे आणलं. उन्हाळ्यात खिडक्या उघड्या ठेवल्या की सगळ्या घराला कांद्याचा वास यायचा. दादा म्हणायचा, यार्डाची फोडणी आपल्याला फुकट.

मशीन, म्हणजे आमचा कॉम्प्युटर, त्याने स्वतः जुळवलं होतं. तपकीर गल्लीतल्या दुकानांतून एकेक भाग आणायचा, रात्रीच्या जेवणाआधी जमिनीवर वर्तमानपत्र पसरून बसायचा आणि मला पाने-स्क्रू धरायला लावायचा. मी स्वतः सॉफ्टवेअर तपासण्याच्या कामात होते, पण मशीनच्या पोटात हात घालायची हिंमत त्याचीच.

आई निवृत्त झाली आणि आमच्याकडे राहायला आली. खडूने फळा भरून टाकणारी बाई, पण मशीनला हात लावायला घाबरायची. माउस हातात धरला की मनगट ताठ व्हायचं. काही चुकलं की मशीन टुंग करायचं आणि ती दचकून हात मागे घ्यायची. एकदा म्हणाली, "ते माह्यावर खेकसते." दादाने ते मनावर घेतलं. एका रविवारी आई अकोल्याला गेली होती आणि मी मैत्रिणीकडे गेले होते. परत आले तर मशीनचे सगळे आवाज बदललेले. टुंग नाही, ट्रिंग नाही. त्या जागी दादा.

चालू केलं की म्हणायचं, "जयभीम आई, आलो मी." काही चुकलं की, "अस्सं नाही आई, पुन्हा पाय." आणि बंद करताना, "येतो आई." पुण्याच्या ऑफिसात तो इतकं शुद्ध बोलायचा की लोक त्याला इथलाच समजायचे. पण मशीनमध्ये तो अकोल्याचं बोलला होता, 'पाहा'चं 'पाय' करून. त्या शेवटच्या "येतो आई"च्या मागे अगदी बारीक काहीतरी खळखळल्यासारखं ऐकू यायचं. स्वस्तातल्या माइकमुळे खरखर आली असेल, असं मी धरून चालले.

आईची भीती तिथेच संपली. ती पत्ते खेळायला शिकली, नागपूरच्या मावशीला मेल लिहायला शिकली. चुकलं आणि मशीन बोललं की तीही उलट बोलायची, "पायते ना बाप्पा, थांब जरा."

पुढच्या वर्षी पावसाळा सरता सरता दादाला ताप आला. डेंग्यू. दोन दिवस आम्ही तो ऑफिसच्या दगदगीचा ताप समजलो. नंतर दवाखाना, रक्ताच्या पिशव्या, दंडावर टोचायला जागा न उरणं, आणि शेवटी काचेपलीकडे तो. श्वास घेताना तो आवाज काढायचा, एकच अक्षर घशात अडकल्यासारखा. आई काचेला हात लावून उभी होती. तिच्या हाताचा ठसा तिथे उमटायचा आणि विरून जायचा.

त्यानंतर पुष्कळ दिवस त्या खोलीत कुणी गेलं नाही. मग एका संध्याकाळी मी ऑफिसातून आले, चप्पल काढत होते आणि आतून आवाज आला, "जयभीम आई, आलो मी."

मी दारातच भिंतीला टेकले. आत गेले तेव्हा आई खुर्चीत बसली होती. पडद्याचा उजेड तिच्या चष्म्यावर पडला होता. तिने माझ्याकडे न बघताच सांगितलं, "काही नाही. लावून पायलं."

तेव्हापासून ती रोज लावायची. मी ऑफिसला गेले की दुपारी जेवून ती त्या खोलीत बसायची. पत्ते खेळायची, मुद्दाम चुकायची, हे मला सुट्टीच्या दिवशी कळलं. तिला ते पत्ते बरोबर लावता येत होते. तरी ती चुकीच्या जागी पत्ता न्यायची आणि थांबायची. "अस्सं नाही आई, पुन्हा पाय." ती मान हलवायची आणि पुन्हा तसंच करायची.

मी तिला अडवलं नाही. खरं सांगायचं तर मलाही तो आवाज ऐकायचा असायचा. फक्त बंद करताना मी स्वयंपाकघरात जायचे. "येतो आई" म्हणून तो जायचा, मागची खरखर व्हायची आणि पडदा काळा व्हायचा. रोज. त्या क्षणी तिथे थांबणं मला जमत नव्हतं.

हे असंच चालू राहिलं असतं. पण मशीनमध्ये काहीतरी शिरलं. कुठल्या तरी मेलमधून आलं असेल. ते चालू व्हायला वेळ घेऊ लागलं, कुणी हात न लावता चौकटी उघडू लागलं. चौकट उघडली की दादा बोलायचा. आई जेवत असताना आतून आवाज यायचा, "अस्सं नाही आई." ती हातातला घास तसाच ठेवून उठायची. मी अँटिव्हायरस चालवून बघितला, तो अर्ध्यावर अडकून पडायचा. एकदा मी बाथरूममध्ये केस धूत होते आणि घरात कुणी नव्हतं. आई खाली भाजी आणायला गेली होती. नळ बंद केला तर दादा बोलत होता, सलग, पुन्हा पुन्हा तेच. मी ओल्या केसांनी तशीच उभी राहिले. बाहेर येऊन ते बंद करायला मला आई परत येईपर्यंत धीर झाला नाही.

मग ती दुपार आली. मला सर्दी-ताप होता म्हणून मी घरी होते. आई पत्ते खेळत होती. एकाएकी चौकटीवर चौकट उघडत गेली आणि दादाचे शब्द एकमेकांत घुसले. "अस्सं ना, अस्सं, अस्... आ... आ... आ..." मशीन तिथेच अडकलं. एकच अक्षर, घशात रुतल्यासारखं. मी धावत खोलीत गेले. आई उभी होती, दोन्ही हात पुढे धरून, मशीनला न शिवता. तिचा चेहरा मी त्या काचेसमोर बघितला होता तसा झाला होता.

"बंद कर," ती म्हणाली. "बंद कर त्याले. त्रास होऊन राहिला त्याले."

मी भिंतीवरचं बटण बंद केलं. खोलीत इतकी शांतता झाली की शेजारच्यांच्या कुकरची वाफ ऐकू आली.

संध्याकाळी आईनेच विषय काढला. मी भाकरी थापत होते, ती परातीशेजारी लसूण सोलत बसली होती.

"ते सगळं पुसून टाकता येते का?"

"येतं. सगळी सिस्टिम नव्यानं टाकता येते. पण मग त्याचे आवाज जातील, आई. मी ते आधी काढून ठेवते, नवीन सिस्टिममध्ये परत घालू."

"नको."

"का गं?"

तिने सोललेल्या पाकळ्या वाटीत टाकल्या. मग म्हणाली, "तो रोज तेच म्हणते. जिता माणूस रोज तेच म्हणत नाही. मले त्याचं बाकीचं बोलणं आता आठवत नाही. आठवाले गेली की हेच ऐकू येते."

त्या रात्री ती दादाच्या खोलीचं दार लावून झोपली. तसं तिने आधी कधी केलं नव्हतं.

मी कामाला लागले. मशीनची सीडी वाचायची खाच केव्हाच बिघडली होती, त्यामुळे नवी सिस्टिम सीडीवरून टाकता येणार नव्हती. ती बाहेरच्या डिस्कवरून टाकायला हवी होती. माझ्याकडे एक होती, तळहाताएवढी, वायरने मशीनला जोडायची. पण त्या डिस्कवर नुसत्या फाइली कॉपी करून भागत नाही. मशीनला वीज मिळते तेव्हा त्याला काहीच ठाऊक नसतं. ते डिस्कच्या अगदी सुरुवातीच्या तुकड्यात डोकावतं आणि तिथे जे लिहिलेलं असेल त्याच्या आधाराने जागं होतं. तो तुकडा तसा लिहावा लागतो. नाहीतर मशीनला ती डिस्क म्हणजे नुसतं गाठोडं.

ऑफिसातल्या एका मित्राने कसं करायचं ते समजावलं. मी माझ्या डिस्कवरचं सगळं लॅपटॉपवर हलवलं, डिस्क कोरी केली, तिला जागं करण्याजोगी बनवली आणि वर नव्या सिस्टिमच्या फाइली चढवल्या. लॅपटॉपला लावून बघितलं, डिस्कवरून तो बिनचूक उठला. मग दादाच्या मशीनमधले त्याचे फोटो, त्याची कामं, आईचे मेल सगळं काढून ठेवलं. आवाजांची फाइल दिसत होती. आईने नको म्हटलं होतं. मी तिला हात लावला नाही.

शनिवारी सकाळी डिस्क दादाच्या मशीनला जोडली आणि चालू केलं. मला निळा पडदा दिसायला हवा होता. त्याऐवजी जरा वेळाने स्पीकरमधून आलं, "ज... जयभीम आई, आलो मी."

मशीन बाहेरच्या डिस्ककडे बघतच नव्हतं. आधी आतल्या डिस्ककडे बघ, असं त्याला कुणीतरी, म्हणजे दादाने, बजावून ठेवलं होतं. तो क्रम बदलता येतो. चालू होताना एक बटण दाबून धरायचं की मशीनचं अगदी आतलं पान उघडतं. मी दाबलं. काळ्या पडद्यावर एक छोटी चौकट आली आणि तिच्यात रेघ लुकलुकत राहिली. पासवर्ड.

मी आईचं नाव टाकलं. वडिलांचं टाकलं. त्याच्या बाइकचा नंबर टाकला. मशीन गप्प झालं आणि पूर्ण बंद करून चालू केल्याशिवाय हलेना. पुन्हा तेच केलं, अकोल्याच्या गल्लीचं नाव, शाळेचं नाव. काही नाही. ती रेघ तशीच लुकलुकत होती, पलीकडे कुणीतरी उत्तराची वाट बघत बसल्यासारखी.

एक मार्ग मला माहीत होता. मशीन उघडून आतली नाण्याएवढी बॅटरी थोडा वेळ काढून ठेवली की तो पासवर्ड विसरला जातो. मी स्क्रू-ड्रायव्हर आणला. आई दारात येऊन उभी राहिली.

"खोलू नको त्याले."

"आई, काही होत नाही. एक झाकण काढायचं."

"खोलू नको म्हटलं ना. लय टोचलं लोकांनी त्याले."

मी स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवला. ती मशीनबद्दल बोलत नव्हती हे मला कळत होतं, आणि बोलतही होती.

"मग आई, पासवर्डशिवाय पुढं जाता येत नाही. तो फक्त दादाला माहीत होता."

आईने पदराने चष्मा पुसला आणि म्हणाली, "तिले विचार."

"कोणाला?"

"हसते तिले."

मला वाटलं, हिचं काहीतरी बिनसलंय. मी तिच्या जवळ गेले. तिने माझा हात बाजूला केला आणि शाळेत समजवायची तशा सुरात म्हणाली, "येतो आई म्हणते तो, तवा मागं हसते ना एक पोरगी. तिले."

मी इतके महिने ज्याला खरखर समजत होते, ते आईने पहिल्या दिवसापासून हसणंच ऐकलं होतं. ती कोण, हे मात्र तिला दादा गेल्यावर कळलं. मी ऑफिसला जाऊ लागल्यावर एका दुपारी ती मुलगी आली होती. दादाच्या खोलीत थोडा वेळ बसली, रडली नाही, पाणी प्यायली आणि निघताना आईच्या पाया पडली. मला यातलं काही सांगू नये, असं तिनेच आईला म्हटलं होतं. नंतर अधूनमधून दुपारी तिचा फोन यायचा. आईने मोबाइल काढून मला नंबर दाखवला. "पेठ" या नावाने लिहून ठेवला होता.

दादाबरोबर मी एका घरात राहत होते. एका ताटात जेवत होतो म्हटलं तरी चालेल. आणि मला यातलं काही ठाऊक नव्हतं. मी गॅलरीत गेले आणि किती तरी वेळ खाली बघत उभी राहिले. दादा दुसऱ्यांदा गेल्यासारखं वाटत होतं; या खेपेला ज्याला मी ओळखत नव्हते, तो.

फोन लावला. मी कोण ते सांगितलं. पलीकडून तिने आधी विचारलं, "काकू बऱ्या आहेत ना?"

"बऱ्या आहेत. मला दादाच्या मशीनचा पासवर्ड हवा होता. तुम्हाला माहीत असेल असं आई म्हणाली."

"माहीत आहे," ती म्हणाली. "पण फोनवर नाही सांगणार. मी उद्या येते. चालेल ना?"

रविवारी ती स्कूटरवरून आली. तोंडाला बांधलेला स्कार्फ सोडत जिना चढली. दार मी उघडलं. माझ्याच वयाची, सावळी, नीटनेटकी, कपाळावर काही नाही. आमच्या बोळकंडीत दिवसाही अंधार असतो आणि दिव्याचं बटण दाराच्या मागे, भलत्याच जागी आहे. येणारा प्रत्येक जण चाचपडतो. तिने माझ्याशी बोलता बोलता, न बघता, हात दारामागे नेला आणि दिवा लावला. लावल्यावर तिच्या लक्षात आलं. माझ्याही.

आईने चहा ठेवला. ती तिघींच्या मधोमध बशी ठेवून बसली, जणू पाहुणी नेहमीचीच.

"घरी सांगितलं होतं का तुम्ही?" मी विचारलं.

"सांगितलं होतं." तिचं बोलणं स्वच्छ पेठेतलं, एकेक अक्षर सुटं. "आमच्याकडे नाही म्हणत नाहीत. बाबांनी विचारलं, मुलगा मूळचा कुठला, वडील काय करायचे. मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, बरं, तुझी स्कूटर सर्व्हिसिंगला टाकायची होती ना? बस. त्यानंतर तो विषय निघाला की घरातलं काही ना काही सर्व्हिसिंगला जायचं."

आई हसली. दादा गेल्यानंतर मी तिला पहिल्यांदाच हसताना बघत होते.

"तुम्हाला सांगणार होता तो," ती मला म्हणाली. "आमच्या घरच्यांचं काय ते ठरू दे, मग, असं म्हणत राहिला. तुम्हाला राग येईल याची त्याला भीती होती. आमच्या लोकांचा."

मला राग आला असता का, ते मला तेव्हाही सांगता आलं नाही.

"आणि पासवर्ड?"

तिने कप खाली ठेवला. "तो मीच घातला आहे. ते आवाज भरले ना, त्याच दिवशी. त्याने मला खुर्चीत बसवलं आणि स्वतः पाठ फिरवून उभा राहिला. म्हणाला, काहीही टाक, मला सांगू नकोस. या मशीनवरचं सगळं कधी पुसायचं झालं तर तुला बोलवावंच लागेल."

"म्हणजे दादालाही तो माहीत नव्हता?"

"नव्हता."

आम्ही खोलीत गेलो. मी मशीन चालू केलं. "जयभीम आई, आलो मी," ते म्हणालं. तिने डोळे मिटले. मग ती हळूच म्हणाली, "मी खूप दिवसांत ऐकलं नव्हतं. माझ्याकडे काहीच नाही त्याचं. मी कधी काही ठेवलंच नाही, घरी सापडेल म्हणून."

"फाइल देऊ का काढून? पेनड्राइव्हवर देते."

तिने आईकडे बघितलं. आईने काही खूण केली नाही. मग त्या मुलीनेच नकारार्थी मान हलवली. "नको. एकदा बंद करताना ऐकू दे, तेवढं पुरे."

मी मशीन बंद केलं. "येतो आई." आणि मागे ते खळखळणं. आता मला ते स्वच्छ ऐकू आलं. एक मुलगी, लांबून, तोंडावर हात दाबून हसत होती.

तिने पलंगाचा कठडा धरला.

"ही मी आहे?" तिने विचारलं. "हे राहिलं त्याच्यात? तो म्हणाला होता, कापून टाकीन. तो 'पाय' म्हणाला ना, ते मला इतकं... मला हसू आवरेना. तो सारखा पुन्हा पुन्हा भरत होता आणि मी सारखी हसत होते. शेवटचं चांगलं आलंय म्हणाला, तुझं तेवढं कापतो."

"नाही कापलं," आई म्हणाली. "मी रोज ऐकत होती. बरं वाटे. वाटे, एकटा नाही हा."

मग ती मुलगी खुर्चीत बसली. मी डिस्क जोडली, मशीन चालू केलं आणि बटण दाबून धरलं. ती काळी चौकट आली. मी आणि आई मागे वळून भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिलो. तसं करायला कुणी सांगितलं नव्हतं. टकटक ऐकू आली, लांबलचक, एकदाही न अडखळता.

ते आतलं पान उघडलं. मी क्रम बदलला, बाहेरची डिस्क आधी. मशीन पुन्हा सुरू झालं आणि या वेळी ते दादाच्या आवाजाशिवाय उठलं. नव्या सिस्टिमचा पडदा आला, तिने भाषा विचारली, जागा विचारली आणि मग ती जिथे सगळे थांबतात तिथे येऊन थांबली.

"आता काय विचारते ते?" आईने विचारलं.

"आधीचं सगळं पुसू का, असं विचारतंय."

ती जवळ आली. चष्मा कपाळावर सारून तिने पडदा नीट वाचला. इंग्रजी तिला वाचता येत होतं. मुलांच्या पेपरवरून फिरवायची तसं तिने ओळीवरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "पूस."

मी बटण दाबलं.

एक पिवळी पट्टी हळूहळू सरकत राहिली. आम्ही तिघी पलंगावर शेजारी शेजारी बसून तिच्याकडे बघत होतो. मला काहीतरी होईल असं वाटत होतं, एखादा आवाज, एखादं अक्षर. काही झालं नाही. मशीनचा पंखा तेवढा फिरत होता. पट्टी भरली, फाइली आल्या, मशीन आपोआप बंद होऊन चालू झालं. वापरणाऱ्याचं नाव विचारलं तेव्हा मी "आई" लिहिलं. मग मोकळा, रिकामा पडदा. त्यावर कचऱ्याच्या टोपलीखेरीज काहीच नव्हतं.

निघताना ती मला जिन्यात म्हणाली की तिचं लग्न ठरतंय. मुलगा परदेशात असतो. तो विचारेल ते सगळं ती त्याला सांगणार होती, पण हे तो विचारणार नाही. "काकूंना तुम्ही सांगा," ती म्हणाली. मी आईला संध्याकाळी सांगितलं. "समजलं होतं मले तिच्या आवाजावरून, गेल्या महिन्यात," आई म्हणाली आणि तांदूळ निवडत राहिली.

कोरी सिस्टिम टाकली की मशीनला स्वतःचेच भाग ओळखू येत नाहीत. ते एकेक ओळखून द्यावे लागतात. मी पडद्याचं केलं, इंटरनेटचं केलं. आवाजाचं केलं नाही. दर सुट्टीला करायचं ठरवायचे आणि राहून जायचं. आई मुक्या मशीनवर पत्ते खेळायची. चुकलं तर ते नुसतं पत्ता परत जागेवर ठेवायचं. तिने एकदाच विचारलं, "हे बोलत काऊन नाही?" मी सांगितलं, आवाजाचा एक प्रोग्रॅम टाकावा लागतो. ती म्हणाली, "राहू दे, काही घाई नाही."

तिच्या बोलण्यात मग हळूहळू दादाचं बाकीचं येऊ लागलं. तो लहानपणी जिन्यावरून पडला होता ते, मास्तरांच्या सायकलची हवा सोडली होती ते. कधी कधी मला माहीत नसलेलं. ऐकताना मला बरं वाटायचं, आणि मधेच ती थांबून दाराकडे बघायची तेव्हा नाही वाटायचं.

त्या उन्हाळ्यात भारनियमन फार होतं. एका दुपारी वीज गेलेली, सगळं बंद, मी बाहेरच्या खोलीत वर्तमानपत्राने वारा घेत पडले होते. आतून आई स्पष्ट, नेहमीच्या आवाजात म्हणाली, "हो रे, आली."

मी उठून गेले. ती दादाच्या पलंगावर बसली होती. मशीन काळं होतं, त्याच्यावर तिने धुळीसाठी टाकलेला टॉवेल.

"कोणाशी बोललीस?"

"कोणाशी नाही." तिने माझ्याकडे नीट बघितलं. "तुले आला का आवाज?"

मी कान दिला. पायऱ्यांवर कुणी उतरत होतं. यार्डाकडे एक ट्रक मागे येत होता.

"नाही," मी म्हटलं.

ती सरकली आणि तिने शेजारी जागा केली. मी बसले. पुष्कळ वेळाने वीज आली, पंखा फिरू लागला. आम्ही दोघी तशाच बसून राहिलो.